दोन वेळचा डबा

२ मार्च, सोमवार

सकाळी पाळी सुरू करायला बसलो तर टेबलावर परिपत्रक. आजपासून वीजकेंद्रांना फोनवर ‘आदेश’ द्यायचा नाही, ‘विनंती’ करायची. खाली नव्या संचालकांची लांबलचक सही.

सव्वीस वर्षं मी या कंट्रोल रूममध्ये बसतो. देशात ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार झाली पाहिजे, ना कमी ना जास्त. हे सांभाळणं एवढंच आमचं काम. पूर्वी वीज करणारं सरकारी खातं एकच होतं. आता बाजार खुला झाला, कंपन्या खंडीभर झाल्या, एकमेकींशी भांडतात. खुशाल भांडोत. आम्ही कोणाची वीज घेत नाही, कोणाची विकत नाही. आम्ही पंच. आणि आता म्हणे पंचाने खेळाडूला विनंती करायची, की बाबा रे, तुला सवड असेल तर बाद हो!

हे संचालक देशातल्या सगळ्यांत मोठ्या वीज कंपनीच्या मंडळावरही आहेत. आमच्यात त्यांना कोणी नावाने ओळखत नाही. दोनखुर्ची म्हणतात.

माझ्या हाताखालच्या अभियंता बाईंनी परिपत्रक वाचलं आणि पोच म्हणून सही करायच्या जागी लिहिलं, ‘असहमत. वाचून सही केली, ८:०४.’ या बाई प्रत्येक गोष्टीला वेळ घालतात म्हणून त्यांचं नाव घड्याळबाई. मला मनातून फार बरं वाटलं. मी मात्र नुसती सही केली. का, ते अजून कळत नाही.

३ मार्च, मंगळवार

उत्तरेकडून येणाऱ्या मोठ्या लाइनचा एक इन्सुलेटर तडकलाय. दुपारी ठरलं, उद्या लाइन बंद करून बदलायचा. असं ठरलं की ते आमच्या खोलीतल्या चौघापाचांनाच ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही ते सगळ्या कंपन्यांना एकाच वेळी जाहीर करतो. लाइन बंद म्हणजे दक्षिणेत वीज कमी आणि भाव वर. म्हणून कोणाला आधी कळता कामा नये, कोणाला नंतरही नाही.

लाइन बंद असेल त्या दिवशी पाळीप्रमुखाने दोन पाळ्या बसायचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज, वीजधंद्यात सगळ्यांना ठाऊक असलेला. घरी आल्यावर हिला म्हटलं, “उद्या डबा दोन वेळचा दे.” हिने कॅलेंडरवर उद्याच्या चौकोनात दोन टिंबं काढली. भाजी जास्त आणायची ही तिची खूण.

कशासाठी, ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ऑफिसचं घरी आणायचं नाही हा माझा नियम आहे आणि तो मी सव्वीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

साडेसहाला नेहमीप्रमाणे हिच्या भावाचा फोन. जानेवारीपासून हा धाकटा रोज फोन करतो. त्याआधी वर्ष-वर्ष बहिणीची आठवण नसायची. आईविना वाढवलेला भाऊ, तो विसरला याचं हिला किती लागायचं ते मला माहीत आहे. आता फोनपाशी स्टूल नेऊन ठेवलंय. “काय केलंस गं ताई आज? भाजी कोणती? भावोजींचा डबा काय उद्या?” असं सगळं विचारतो. ही फुलून येऊन सांगत बसते. माणूस सुधारतो, यावर माझा विश्वास आहे. रात्री देवापुढे हात जोडताना त्याचंही नाव घेतलं.

४ मार्च, बुधवार

लिहायला बसलो तरी राग उतरलेला नाही.

दहाला जाहीर केलं, साडेदहाला लाइन बंद केली. तिचा भार शेजारच्या लाइनवर गेला, तो अपेक्षेपेक्षा जास्त चढला. आता मोठ्या कंपनीच्या उत्तरेतल्या वीजकेंद्राने दोनशे मेगावॅट कमी करायला हवे होते. तिथे फोनवर असतो तो माणूस मी कधी पाहिलेला नाही. आवाज विहिरीतून आल्यासारखा, म्हणून आम्ही त्याला खर्जसाहेब म्हणतो. पंधरा वर्षांची फोनवरची ओळख.

मी म्हटलं, “दोनशे मेगावॅट कमी करा. विनंती आहे.”

“आदेश की विनंती?”

“विनंती.”

“मग चहा संपवतो आधी,” तो म्हणाला. हसला नाही. जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाला, “साहेब, रागावू नका. आम्हालाही कागद आलाय. विनंती आली तर आधी व्यापार विभागाला विचारायचं. तुम्ही तो दुसरा शब्द म्हणा ना, मी आत्ता करतो.”

माझ्या तोंडून तो शब्द निघेना. वीस मिनिटं गेली. पडद्यावर लाइनचा आकडा पिवळ्यातून लाल झाला. ती तुटली असती तर दक्षिणेतली चार शहरं अंधारात गेली असती. दवाखाने, लिफ्ट, पाण्याचे पंप, सगळं.

घड्याळबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “हा आदेश आहे. दोनशे मेगावॅट कमी करा. वेळ अकरा वाजून सात मिनिटं. परत म्हणा.”

फोनवर दिलेला आदेश ऐकणाऱ्याने शब्द न् शब्द परत म्हणायचा, मगच तो दिला असं धरायचं, ही आमची पद्धत. खर्जसाहेबांनी अगदी खुशीने परत म्हटला. सहा मिनिटांत आकडा खाली आला.

नोंदवहीत मी परिपत्रकाच्या धाकाने आधी ‘११:०७, विनंती’ लिहिलं. ते एका रेघेने कापलं, वर ‘आदेश’ लिहिलं, शेजारी सही केली. गावच्या शाळेत गुरुजी खोडरबर आणू देत नसत. म्हणत, “चूक एका रेघेत काप. खालचं वाचता आलं पाहिजे. काय चुकलास ते लोकांना दिसू दे.” पुढे कंट्रोल रूममध्ये आलो तर इथलाही नियम नेमका तोच. तेव्हा वाटलं होतं, देवाने मला योग्य दारात आणून सोडलं.

६ मार्च, शुक्रवार

आज साधीच पाळी. आमचा निवृत्त लाइनमन दवाखान्यात आहे, त्याला तिथलं जेवण जात नाही. म्हणून काल हिला डबा दोन वेळचा सांगितला आणि एक त्याला नेऊन दिला. म्हातारा पोट भरून जेवला. म्हणाला, “तुमच्या त्या बाईंना माझा सलाम सांगा.” खबर तिथवर पोचली होती!

९ मार्च, सोमवार

घड्याळबाईंना मेमो. ‘परिपत्रकाचा भंग करून आदेशवाचक भाषा वापरली.’ चार शहरं वाचली त्याचा मेमोत उल्लेख नाही.

आमच्या साहेबांना विचारलं. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, आणि त्यांच्या बोलण्यात ती दोन वर्षं सतत ऐकू येतात. “अहो, कशाला वाढवताय? सगळं विलीनच होणार आहे.” काय विलीन, तर आमची कंट्रोल रूम. मोठ्या वीज कंपनीच्या छत्राखाली न्यायची, कामात सुसूत्रता यावी म्हणून. म्हणजे पंचाने जेवायला एका संघाच्या घरी जायचं, कपडे त्यांचे घालायचे, आणि उद्या मैदानात उभं राहून निष्पक्ष निकाल द्यायचा!

११ मार्च, बुधवार

आज चौकशी समिती नेमली. जानेवारीपासून सात वेळा असं झालंय की सकाळी नऊला बाजार उघडल्याबरोबर कोणीतरी मध्यस्थाआडून वीज घेऊन ठेवली, दहाला आमची घोषणा झाली की भाव चढतो आणि तो ती विकतो. म्हणजे कंट्रोल रूममधून बातमी फुटते, असा आरोप. समितीचे अध्यक्ष कोण? दोनखुर्ची. सभेत म्हणाले, “स्वतंत्र, स्वतंत्र म्हणता. हीच का तुमची स्वतंत्र खोली? वर लक्ष ठेवणारं कोणी नसलं की असंच होतं.”

मी आयुष्यात सभेत उभा राहून बोललेलो नाही. आज उभा राहिलो. म्हटलं, “या खोलीतून आजवर एक अक्षर बाहेर गेलेलं नाही. मी माझ्या लेकरांची शपथ घेऊन सांगतो.” घरी येऊन वीज नियामकांना चार पानी पत्र लिहिलं आणि त्यातही हेच लिहिलं. ही म्हणाली, “इतका राग बरा नाही, रक्तदाब वाढेल.” वाढू दे.

माझा मेहुणा मोठ्या कंपनीच्या व्यापार विभागात आहे हेही पत्रात लिहून टाकावं असं मनात आलं. पण त्याला ती नोकरी लागली तेव्हाच मी लेखी कळवलं होतं, फाइलला आहे. आणि त्याच्याशी कामाचं अवाक्षर मी बोलत नाही. उगाच त्याच्या नावाला डाग कशाला? सोडून दिलं.

१७ मार्च, मंगळवार

घड्याळबाईंना निलंबित केलं.

सातही तारखांच्या आदल्या दिवशी खोलीत कोण होतं, तर त्या आणि मी. माझी सव्वीस वर्षं स्वच्छ आणि बाई पडल्या ‘असहमत’ लिहिणाऱ्या, मेमो खाल्लेल्या. झाला निकाल! त्यांनी चौकशीत सांगितलं, सातवी तारीख सहा मार्च आहे, त्या दिवशी कुठलीच लाइन बंद नव्हती, आमच्याकडे फुटायला बातमीच नव्हती, मग त्या दिवशी खरेदी का झाली? घेणाऱ्याचं त्या दिवशी चांगलंच नुकसान झालं, ते का? दोनखुर्ची म्हणाले, “दिशाभूल करण्यासाठी.” म्हणजे चोराने पकडलं जाऊ नये म्हणून स्वतःच्याच घरी चोरी केली. आणि समितीतली शिकलेली माणसं माना हलवतात!

बाईंनी टेबल आवरलं, पेन खिशाला लावलं. मी म्हटलं, “मी गप्प बसणार नाही.” त्या म्हणाल्या, “मला माहीत आहे. दोन वाजून चाळीस.” आम्ही दोघेही हसलो आणि मग मला तिथे थांबवेना.

तारखांचा कागद मी मागून घेतलाय. उद्या सुट्टी आहे. पाळ्या जुळवून पाहीन आणि त्या निर्दोष आहेत हे सिद्ध करीन.

१८ मार्च, बुधवार

सकाळी स्वयंपाकघरात कागद घेऊन बसलो. माझ्या पाळ्या आठवेनात म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. हिची दोन टिंबं म्हणजे माझ्या दोन पाळ्या, म्हणजे लाइन बंद. जानेवारीत दोन. फेब्रुवारीत तीन. चार मार्च. कागदावरच्या सहाही तारखा बरोबर.

सहा मार्चच्या चौकोनातही दोन टिंबं होती.

लाइन बंद नव्हती. डबा लाइनमनला होता. ते या जगात तिघांना ठाऊक होतं: मला, हिला, आणि त्या म्हाताऱ्याला. आणि डबा दोन वेळचा आहे एवढंच, नुसतं एवढंच, आणखी एकाला.

मी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं. खिळा सापडेना, दोनदा भिंतीवरच टेकवलं. ही म्हणाली, “काय शोधताय अहो?”

“काही नाही.”

१९ मार्च, गुरुवार

आजचं पान कसं लिहू?

दिवसभर एकच हिशोब. सांगितलं तर दोनखुर्चींच्या हातात आयतं कोलीत. बघा, खरंच बातमी फुटत होती, आणि तीही शपथा घेणाऱ्या पाळीप्रमुखाच्या घरातून. विलीनीकरण पक्कं. माझं पत्र म्हणजे हसण्याचा विषय. नाही सांगितलं तर बाई जातात.

राग कोणावर काढू तेही कळेना. धाकट्यावर काढतो, तर त्याला सव्वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने रोज संध्याकाळी पान वाढून दिलं होतं. मी तोंड बंद ठेवलं म्हणून मिरवत होतो, आणि डबा बोलत होता.

देवापुढे बसलो. हात जोडले नाहीत. बसलो, एवढंच.

साडेसहाला फोन आला. ही स्टुलावर बसली. मी दारातून ऐकत होतो. “हो रे... वांगं केलंय... उद्याचा? एकच वेळचा... बरं, ठेवते.” एवढ्यात संपला फोन. पूर्वीही एवढ्यातच संपत असेल. मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

२० मार्च, शुक्रवार

हिला सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्यानेच. कागद आणि कॅलेंडर शेजारी ठेवले.

तिने सातही चौकोनांवर बोट ठेवून पाहिलं. मला वाटलं होतं, भावाची बाजू घेईल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

“त्या एका दिवशी मी त्याला सांगत होते, गुडघा दुखतो म्हणून,” ती म्हणाली. “तर म्हणाला, ते राहू दे ताई, डबे किती ते सांग. मी हसले. मला वाटलं, थट्टा करतोय.”

मी म्हटलं, “मला सोमवारी समितीपुढे जाऊन सांगावं लागेल. त्याचं नाव येईल.”

“आणि तुमचं?”

“माझं आधी.”

तिने कॅलेंडर उचलून खिळ्याला लावलं. मग म्हणाली, “त्या बाईंच्या घरी कोण कोण आहे?”

“आई आहे. आजारी असते.”

“मग सोमवारची वाट कशाला बघताय?”

समिती आज बसत असती तर तेव्हाच गेलो असतो. सोमवारी समिती बसते, तेव्हाच जाता येईल.

२३ मार्च, सोमवार

समितीपुढे उभा राहिलो. लांब टेबल, पाण्याचे पेले, कोपऱ्यात टंकलेखक. सगळं सांगितलं. डबा, टिंबं, सहा मार्च, लाइनमन, साडेसहाचा फोन. म्हटलं, “अकरा तारखेला मी इथे शपथेवर बोललो ते चूक होतं. बातमी माझ्या घरातून गेली. बाईंचा काही संबंध नाही.”

दोनखुर्ची खूश दिसले. पुढे वाकून म्हणाले, “तुमचा प्रामाणिकपणा आम्हाला आवडला. बातमी खोलीतूनच फुटत होती, हे आता कागदावर आलं. मेहुणे कुठे काम करतात?”

मी कंपनीचं नाव सांगितलं. व्यापार विभाग, तिसरा मजला.

टंकलेखकाची बोटं थांबली. मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नसेल. सवयीने म्हणालो, “परत म्हणा.”

त्या बिचाऱ्याने माझा जबाब पहिल्यापासून मोठ्याने वाचला. शेवटी कंपनीचं नाव. व्यापार विभाग, तिसरा मजला. टेबलावरची सगळी माणसं दोनखुर्चींकडे पाहू लागली. ते पाणी प्यायले. टंकलेखकाला बाहेर जायला सांगितलं. पण तो यंत्रातून कागद काढून हातात घेऊनच गेला.

मग आवाज अगदी मऊ. “हे पहा, घरगुती गोष्ट आहे. तुम्ही भावनेच्या भरात बोललात. जबाब मागे घ्या. त्या बाईंचंही बघू आपण काहीतरी.”

मी विचारलं, “हा आदेश आहे का, साहेब?”

“छे छे! आदेश कसला? विनंती आहे.”

“विनंती असेल तर नाही जमणार,” मी म्हणालो.

बाहेर जिन्यात घड्याळबाई उभ्या होत्या, त्यांचीही आज सुनावणी होती. टंकलेखकाने त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “आत काय बोललात, कळतंय का तुम्हाला?”

“माझी चूक कबूल केली.”

“चोरीचा माल कोणाच्या माजघरात आहे ते सांगितलंत. ज्या कंपनीच्या ताब्यात आपल्याला देणार होते, तिच्याच!” आणि त्यांनी घड्याळ पाहिलं. “बारा वाजून वीस.”

मी खरंच तेवढं धरलं नव्हतं. मी आपला डब्याचाच विचार करत आत गेलो होतो.

२७ मार्च, शुक्रवार

नियामकांनी सगळे कागद स्वतःकडे मागवून घेतले. विलीनीकरणाची फाइल थांबवली. थांबवली आहे, रद्द केलेली नाही. ‘विनंती’चं परिपत्रकही अजून आहे. घड्याळबाई उद्या कामावर येतात. मी निलंबित, निकाल लागेपर्यंत. साहेबांनी हे सांगायला फोन केला आणि “माझी दोन वर्षं...” म्हणून थांबले. मला त्यांचा राग आला आणि मग कीवही आली, आणि कीव आल्याचा पुन्हा राग आला. सव्वीस वर्षं काम केलेल्या जागेचं रक्षण जबाबाचा कागद जपून नेणारा एक टंकलेखक करतो आणि साहेब दिवस मोजतात!

दुपारी ही वही काढली. अकरा तारखेच्या पानावर ‘एक अक्षर बाहेर गेलेलं नाही’ हे वाक्य आहे. ते एका रेघेने कापलं, शेजारी सही केली. खालचं वाचता येतं.

साडेसहाला फोन वाजला. इतके दिवस वाजला नव्हता. अजून त्याला कोणी बोलावलं नसावं, की मुद्दाम केला असावा, कोण जाणे. मी उठणार होतो. हिने हाताने बस म्हणून सांगितलं. स्टुलावर बसली नाही, उभ्यानेच घेतला.

“हं... बरी आहे... डबा? आता डबा नाही रे. घरीच जेवतात ते, ताटात. रोज.”

पलीकडे तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ही थोडा वेळ थांबली. कशाची तरी वाट पाहत असल्यासारखी थांबली. मग फोन ठेवला, स्टूल उचलून आत नेलं आणि ताटं मांडायला घेतली.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“काही नाही. बरं म्हणाला.” ती वाढत होती. “भाजी कोणती ते नाही विचारलं.”